नांग्या

जानेवारी सरत आला होता. अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याचं गाळप चालू होतं आणि उसाच्या गाड्या रात्रभर रस्त्यानं जात होत्या. जवळच राहणाऱ्या एका शेतकऱ्याची नात पुण्याहून घरी आली होती. ती जपानी शिकत होती. डिसेंबरात तिनं जपानीची एन-४ पातळीची परीक्षा दिली होती आणि ती नापास झाली होती.

"आबा, मला काहीच येत नाही," ती म्हणाली. "सोडून देते आता."

आबा काही बोलले नाहीत. सकाळी ते तिला खोडव्यात घेऊन गेले. ऊस तुटून महिना झाला होता. बुडख्यांना हिरवे कोंब फुटले होते, पण मध्ये मध्ये सरी उघडी दिसत होती.

"हे उगवलंच नाही," नात म्हणाली. "मोडणार का?"

"सगळं उगवलं नाही, बाई. पण उगवलंच नाही, असं नाही. मध्ये रिकाम्या जागा, नांग्या पडल्यात, तेवढ्या भरायच्या."

नात थबकली. जपानीच्या वर्गात हेच शिकवलं होतं. 'झेम्बु वाकारानाइ' म्हणजे काहीच कळत नाही. मध्ये एक 'वा' घातला, 'झेम्बु वा वाकारानाइ' म्हटलं, की अर्थ होतो, सगळं कळत नाही, पण थोडं कळतं. एवढ्याशा अक्षरानं 'नाही'ला कुंपण पडतं.

आबांनी पिशवीतली रोपं तिच्या हाती दिली. दुपारपर्यंत दोघांनी नांग्या भरल्या.

संध्याकाळी तिनं निकाल पुन्हा उघडला. १८० पैकी ९७ गुण होते. पास व्हायला ९० पुरत होते. मात्र ऐकण्याच्या भागात ६० पैकी निदान १९ हवे होते आणि तिला १७ मिळाले होते. दोन गुणांची नांगी होती.

तिनं वही काढली आणि ऐकण्याचा पहिला धडा लावला. आबा ओसरीवर बसून ऐकत राहिले. त्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं, पण नातीचा आवाज कळत होता.

एका जागी कोंब आला नाही म्हणून कुणी अख्खा खोडवा मोडत नाही. स्वतःबद्दल किंवा दुसऱ्याबद्दल 'काहीच नाही' म्हणण्याआधी आपणही सरीतून एक फेरी मारावी, उगवलेलं मोजावं आणि मग नांगी भरायला वाकावं.