रात्रीपुरती जागा

पावसाळा ओसरला की मला ठरावीक मेसेज येऊ लागतात. 'भाऊ, एखादी भारी जागा सांग ना. डोंगरात, नाल्याकाठी कुठंतरी. तंबू टाकू, एक रात्र राहू. फक्त तिथं कोणी नको.' कधी कॉलेजातले मित्र विचारतात, कधी त्यांचे मित्र. जागा सांगायला मला आवडतंही. पण त्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला अलीकडे टोचायला लागलंय. 'तिथं कोणी नको.' अशी जागा असते का? आणि नसेल, तर आपण नेमकं काय शोधतो?

आधी हे सांगायला हवं की या शोधाची मला थट्टा करायची नाही. मी नांदगाव पेठचा. एका बाजूला नागपूरचा हायवे, त्यावरचा टोलनाका, दुसरीकडे एमआयडीसी आणि 1350 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प. आमच्याकडे रात्र पूर्ण काळी होत नाही. घरं लहान, माणसं जास्त. फोनवर बोलायला गच्चीवर जावं लागतं आणि गच्चीवर शेजारचे काका आधीच बसलेले असतात. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला एक रात्र तारे बघत, कोणाला काही उत्तर न देता पडून राहावंसं वाटलं, तर ती चैन नाही. ती भूक आहे. चिखलदऱ्याला पैसे भरून तंबू मिळतात, पण तिथं रात्री अकरापर्यंत स्पीकर चालू असतो. म्हणून पोरं सॅटेलाइट नकाशा उघडतात आणि हिरव्यात बोट फिरवत बसतात.

जागा शोधण्याचं एक शास्त्र आहे आणि ते शिकण्यासारखं आहे. जमीन सपाट हवी, पण खोलगट नको. नाल्याच्या पात्रात कधीच झोपायचं नाही. सातपुड्यात वर कुठंतरी पाऊस पडतो आणि खाली कोरड्या नाल्याला बघता बघता पूर येतो. पाणी जवळ हवं, पण अगदी काठावर राहायचं नाही, कारण रात्री ते पाणी जनावरांचं असतं. वाळलेल्या झाडाखाली तंबू टाकायचा नाही. जनावरांच्या रुळलेल्या वाटेवर टाकायचा नाही. वारा अडवणारी टेकडी आणि सावलीला मोठं झाड असेल तर उत्तम.

आता ही यादी पुन्हा वाचा. सपाट, उंचावर, पाण्याजवळ, वाऱ्याच्या आडोशाला, मोठ्या झाडाखाली. गाव वसवताना माणसं हेच बघत आली आहेत. चांगली जागा मला सापडली, असं मी म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती माझ्याआधी कुणाला तरी सापडलेली असते. रानात एकाच ठिकाणी आंब्याची जुनी झाडं दिसली, की तिथं कधीकाळी घरं होती का, हे विचारून बघावं.

मेळघाटात तर याचं उत्तर शोधायला फार मागे जावं लागत नाही. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. पुढे गाभ्यातली गावं उठवायला सुरुवात झाली. बोरी, कोहा, कुंड ही पहिली गावं 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खाली सपाटीवर आली. त्यांच्यामागून आणखी आली. जिथं कोरकूंची घरं आणि शेतं होती, तिथं आता गवताची कुरणं आहेत. त्या गवतावर सांबर येतं, गवा येतो, त्यांच्यामागे वाघ येतो. फोटोत ती जागा अशी दिसते, की जणू सृष्टीच्या आरंभापासून तिथं माणसाचा पाय पडला नसावा.

मला वाघांच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलायचं नाही. गावं उठली तिथं रान सुधारलं, हे खरं आहे. ज्यांनी मोबदला घेऊन नवी घरं बांधली, त्यांच्यातल्या काहींना शाळा आणि दवाखाना जवळ आला, हेही खरं. आणि काही जण पुन्हा वर जायला निघाले, तेव्हा वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला, हेही तितकंच खरं. मला एवढंच म्हणायचं आहे, की ते रिकामेपण आपोआप आलेलं नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजली आहे आणि मोजणारा मी नाही. आजोबांच्या ओट्यावर रात्र काढायची परवानगी ज्याला नाही, त्याच ओट्याच्या जागेवर माझा तंबू शोभून दिसेल, असं मला वाटत नाही.

कायदाही तेच सांगतो, फक्त वेगळ्या कारणानं. 1927 चा भारतीय वन अधिनियम राखीव जंगलात विनापरवानगी शिरायला आणि विस्तव पेटवायला मनाई करतो. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही बंधनं आणखी कडक केली. उन्हाळ्यात सागाच्या वाळलेल्या पाचोळ्यावर एक ठिणगी पडली तर काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. अमरावतीला लागूनच असलेल्या पोहरा-मालखेडच्या जंगलात बिबटे आहेत. तिथं शेकोटी पेटवून रील काढणं हे धाडस नाही.

इंटरनेटवर मात्र आपण दुसऱ्याच देशांचे व्हिडिओ बघतो. अमेरिकेत सरकारी जंगलांच्या मोठ्या भागात कुठल्याही नेमलेल्या कॅम्पसाइटशिवाय तंबू टाकता येतो; साधारण 14 दिवसांची मर्यादा असते. नॉर्वेत 1957 चा कायदा आहे: मोकळ्या रानात कोणीही रात्र काढू शकतो, फक्त राहत्या घरापासून 150 मीटर लांब राहायचं आणि एकाच जागी दोन दिवसांहून जास्त राहायचं असेल तर मालकाला विचारायचं. हे वाचून हेवा वाटतो. पण नॉर्वेचं रान आणि वऱ्हाडचं रान वेगळं आहे. आपल्याकडच्या जंगलात माणूस लाकडाला, मोहाला, तेंदूला, ढोरं चारायला रोज जातो. जंगल संपलं की लगेच वावर सुरू होतं. मधली पट्टी कोणाचीच नाही असं वाटतं, पण तिथंही कोणाच्या तरी गाई बसतात.

मग इथं उघड्यावर रात्र कोण काढतं? पुष्कळ लोक. हरभरा-गहू उभा असला की शेतकरी जागलीला जातो. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून थंडीत माळ्यावर बसून रात्रभर हाका मारतो. त्यालाही तारे दिसतात. त्यानं ते मागितलेले नसतात. बहिरमच्या यात्रेत महिनाभर राहुट्या पडतात, हंड्या चढतात. आणि पिकं निघाली की मेंढपाळ येतात. कोणी इथलेच धनगर, कोणी उंटांवर संसार लादून फिरणारे गुजरातकडचे. त्यांना रोज नवी जागा शोधावी लागते. आपण ज्याला कॅम्पिंग म्हणतो, त्यातले खरे जाणकार तेच.

त्यांची पद्धत मी आमच्या धुऱ्यावर उभं राहून पाहिली आहे. ते आधी जागा बघत नाहीत, माणूस बघतात. वावर कोणाचं, पाणी कोणाचं, हे विचारतात. मग बोलणी होते. मेंढ्या दोन-तीन रात्री वावरात बसवायच्या. शेताला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. ते निघून जातात तेव्हा जमीन आधीपेक्षा चांगली झालेली असते. आपल्याकडे 'काही मागे ठेवू नका' एवढंच शिकवतात. ते चांगलंच आहे. पण रात्रीच्या मुक्कामानं त्या जागेचं काही भलंही होऊ शकतं, हे मला मेंढ्यांकडून कळलं. गाडगेबाबांची आठवण याच ठिकाणी होते. वऱ्हाडातला हा माणूस आयुष्यभर फिरत राहिला, गावात शिरला की आधी खराटा हातात घेतला, आणि लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. ज्या गावात रात्र काढायची, त्या गावाचं काही देणं लागतो, हे त्यांनी भाषणाआधी झाडून सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की रानात जागा शोधायची म्हणजे माणूस शोधायचा. कोणाला विचारायचं, हे कळलं की जागा आपोआप मिळते. याला व्यावहारिक कारण आहेच. डुकरांसाठी काही जण तारेत थेट वीज सोडतात. ते बेकायदा आहे, पण त्यात माणसं मेली आहेत. अंधारात अनोळखी वावरातून चालणाऱ्याला ते कळत नाही. मालकाला माहीत असतं. 'इथं नोका झोपू बाप्पा, रोह्यायची वाट हाये,' हे सांगणारा माणूस कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरसारख्या गावाला 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आणि गावानं ओसाड रान पुन्हा उभं केलं. अशा ठिकाणी विचारायचं तर ग्रामसभेला. ते झाड का उभं आहे, हे ती सांगू शकते.

यावर मित्रांचा एक आक्षेप असतो आणि तो कच्चा नाही. विचारायचंच असेल तर एकांत कसला? मला वाटतं आपण इथं दोन गोष्टी एक करतो. एकटं असणं वेगळं आणि कोणाला ठाऊक नसणं वेगळं. टेकडीपलीकडच्या घरात कोणाला तरी माहीत आहे की आज इथं दोन पोरं झोपली आहेत, यानं माझ्या डोक्यावरचे तारे कमी होत नाहीत. उलट झोप लागते. मात्र विचारणं खरं असेल तर 'नाही' ऐकायची तयारी हवी. नकार आल्यावर दोन किलोमीटर पुढे जाऊन गुपचूप तंबू टाकणारा मघाशी विचारत नव्हता, फक्त कळवत होता.

दुसरा प्रश्न पिन पाठवण्याचा. चांगली जागा लपवावी की सांगावी? लपवली तर मी तिचा मालक झाल्यासारखा वागतो. पिन टाकली तर पुढच्या शनिवारी तिथं दहा गाड्या, आणि सोमवारी बाटल्या. मी मध्ये एक वाट काढली आहे. पिन पाठवत नाही. गाव सांगतो, आणि तिथं पोचल्यावर विचारा म्हणतो. ज्याला विचारण्याचा कंटाळा आहे, तो तिथंच गळतो.

पण इथं माझं उत्तर मलाच अपुरं वाटू लागतं. विचारणं मला सोपं आहे. मी मोटारसायकलवर येतो, पाठीवर महागडी सॅक असते, बोलणं शिकल्यासारखं असतं. शेतकरी चहा पाजतो. आमच्याच जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अनेक भटक्या जमातींवर जन्मानं गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायदा गेला, शिक्का पुरता गेला नाही. त्यांच्यातलं एखादं कुटुंब रात्रीपुरती जागा मागायला आलं, तर तेच कापड, तेच झाड, तीच रात्र असूनही माझ्या तंबूला छंद म्हणतात आणि त्यांच्या पालाकडे संशयानं बघतात. बाईनं एकटीनं विचारलं तर तिसरंच काही होतं. म्हणजे मला मिळणारा 'हो' हा फक्त माझ्या सभ्यपणाचा नसतो. तो मला आधीच मिळालेल्या विश्वासाचा असतो आणि तो विश्वास मी कमावलेला नाही.

याचा अर्थ मी जायचं सोडावं, असं मी म्हणत नाही. पण उघड्यावर झोपण्याचा हक्क मागत असू, तर तो फक्त सॅकवाल्यांसाठी मागता येणार नाही. तो हक्क असेल तर पालाचाही आहे.

आमचं वावर गावापासून फार लांब नाही. विहिरीजवळ जुना कडुलिंब आहे, खाली जमीन सपाट आणि थोडी उंच, पश्चिमेला तुरीचा आडोसा. वर दिलेल्या यादीप्रमाणे बघितलं तर उत्तम जागा. मेंढ्यावाल्यांना बाबा दरवर्षी हो म्हणतात. मागच्या माघात एक पालवाला बायकोमुलांसह आला आणि दोन रात्रींसाठी तीच जागा मागू लागला. बाबा म्हणाले, 'सांगतो उद्या.' तो उद्यापर्यंत थांबला नाही. रात्र तर त्याच दिवशी होणार होती. वावर पुढेमागे माझ्या हाती येईल, तेव्हा कडुलिंबाखाली कोण झोपू शकेल, हे मलाच त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत सांगावं लागेल.