कारण आणि दोष

जून २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातून एक स्त्री बेथेस्डा येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात आणली गेली. तिच्या देहात क्लेब्सिएला जातीचे जीवाणू होते. कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली औषधेही त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरत. हे ठाऊक असल्याने तिला वेगळे ठेवले, जुलैत घरी पाठविले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तेच जीवाणू आढळले. तिच्यासह एकूण १८ जण बाधित झाले. ११ दगावले, त्यांपैकी ६ या संसर्गाने.

शास्त्रज्ञांनी त्या जीवाणूंची जनुकीय लिपी वाचली. सुमारे ६० लाख अक्षरांत मोजकेच फरक; त्यांवरून संसर्गाची वंशावळ मांडता आली. साऱ्या शाखा त्या स्त्रीपाशी पोहोचल्या. तिच्यापासून तीन स्वतंत्र वेळा प्रसार झाला होता.

मग ती दोषी काय? नीतिशास्त्र कारण आणि दोष यांत भेद करते. जाणीव व संमती यांवाचून अपराध घडत नाही. ती तर उपचारासाठी आली होती. (अशा रुग्णाला रोगाचे ‘मूळ’ म्हणणेही मला कठोर वाटते.)

वंशावळ वाचणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला अज्ञानाची सबब उरत नाही. त्या संस्थेने साथ आटोक्यात आणण्यासाठी पुष्कळ केले. परंतु जनतेला ही हकीकत कळली ती २०१२ च्या ऑगस्टमध्ये, शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर. रुग्ण रुग्णालये बदलतात, आणि जीवाणू सोबत जातात. तेव्हा रुग्णाला पुढे पाठविताना नव्या डॉक्टरांना हे पत्रात स्पष्ट लिहिणे, हे सौजन्य नसून ऋण आहे असे मी मानतो. आणि ते पत्र रुग्णालाही वाचून दाखवावे.