मन, देह आणि बरे करणारा प्रभू

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८, मार्क ५:२५-३४, २ करिंथ १२:७-१०



पोटाचे जुने दुखणे, डोकेदुखी, निद्रानाश अशा विकारांवर डॉक्टर कधी कधी संमोहनोपचार घेण्याचा सल्ला देतात. तेव्हा विश्वासणाऱ्याच्या मनात शंका येते. हा जादूटोण्याचा प्रकार तर नव्हे? आपले मन दुसऱ्याच्या हाती सोपविणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? याहून खोल असा आणखी एक प्रश्न आहे, पण तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. माझे दुखणे मनातून उपजले असेल, तर माझा विश्वासच कमी पडला असे समजावे काय? या दोन्ही प्रश्नांचा आपण शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

मन आणि देह एकमेकांशी जोडलेले आहेत, ही गोष्ट पवित्र शास्त्राला नवी नाही. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात शलमोन आनंदी हृदयाला औषधाच्या पंक्तीला बसवितो. दाविदाने आपले पाप मनात दडवून ठेवले, तेव्हा त्याचा देह कसा खंगत गेला हे बत्तिसाव्या स्तोत्रात त्यानेच सांगितले आहे. आणि एलीया पाहा. कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांपुढे जो एकटा उभा राहिला, तोच ईजबेलीचा एक निरोप येताच जीव घेऊन पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देव त्याच्यावर रागावला नाही. त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. देवाने त्याला झोपू दिले. मग दूताने उठवून भाकर व पाणी पुढे ठेवले. एलीया पुन्हा झोपला, पुन्हा जेवला आणि मगच होरेबाच्या वाटेला लागला. मन खचलेल्या सेवकाला देवाने आधी विसावा व अन्न दिले, बोलणे नंतर.

देवाने मनुष्य असा घडविला आहे की मनातील भीती देहात उतरते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असत. मांजर घाबरले किंवा चिडले की ती हालचाल थांबते, असे त्यांना दिसले. माणसाचेही तसेच आहे. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडावरील ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. छाती धडधडते, स्नायू ताठतात, पचन मंदावते. वाघ समोर आला तर या व्यवस्थेने जीव वाचतो. परंतु कर्ज, भाऊबंदकी किंवा मुलीच्या लग्नाची चिंता हा वाघ वर्षानुवर्षे दारात बसून राहिला, तर तीच व्यवस्था देहाला पोखरते. पोट दुखते ते खरेच दुखते. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून त्याला हसण्यावारी नेणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे.

आता संमोहनाकडे वळू. या विद्येच्या इतिहासात गोव्याच्या एका सुपुत्राचे नाव मानाने घेतले जाते. बार्देशातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया हे रोमन कॅथलिक धर्मगुरू होते. गोव्यात त्यांची एक गोष्ट सांगतात. तरुणपणी लिस्बनला पोर्तुगालच्या राणीपुढे उपदेश करण्यास ते उभे राहिले, आणि समोरचा सरंजाम पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा जवळ असलेले त्यांचे वडील कोकणीत हळूच म्हणाले, ‘ही सगळी भाजी; कातर रे भाजी!’ ते ऐकताच भीती गेली आणि शब्द वाहू लागले. एका वाक्याने बसलेला कंठ मोकळा झाला.

त्या काळी युरोपात मेस्मेर नावाच्या वैद्याचा मोठा बोलबाला होता. आपल्या अंगातील चुंबकशक्ती रोग्यांत सोडून आपण त्यांना बरे करतो, असे तो म्हणे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी मंडळ नेमले. बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए त्यात होते. बागेतील एका झाडात ती शक्ती भरण्यात आली आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडापाशी नेले. मूल मूर्च्छित पडले, पण जे झाड भारलेलेच नव्हते त्यापाशी! मंडळाने निर्णय दिला की चुंबकशक्ती काही नाही. हा कल्पनेचा प्रभाव आहे. पुढे १८१३ साली पॅरिसमध्ये आबे फारिया यांनी जाहीर व्याख्याने दिली. ते रोग्याला आरामात बसवीत, मन शांत करण्यास सांगत आणि मग ‘झोपा’ अशी आज्ञा करीत. परंतु ही शक्ती माझी नव्हे, झोपेचे कारण झोपणाऱ्याच्याच ठायी आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. लोकांनी त्यांची टिंगल केली. १८१९ साली ते वारले. आज पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे.

पुढे १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने रोग्यांना अशा निद्रेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. क्लोरोफॉर्म तेव्हा अद्याप आला नव्हता. तो आल्यावर ही रीत मागे पडली. तरी विद्या टिकून राहिली. १९८४ साली मँचेस्टर येथील डॉ. व्हॉरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्याला डॉक्टर आय. बी. एस. म्हणतात त्या आतड्यांच्या हट्टी विकाराने ते पीडित होते. त्यांचे दोन गट केले होते. संमोहनोपचार मिळालेल्या गटाला दुसऱ्या गटाहून स्पष्टपणे अधिक आराम पडला. आज दुखणे सुसह्य करण्यासाठी, दात काढताना किंवा बाळंतपणात वाटणारी भीती घालविण्यासाठीही काही ठिकाणी या उपचाराचा उपयोग होतो.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हा जादूटोणा नव्हे. लक्ष एके ठिकाणी स्थिर करून, जाणत्या माणसाच्या सूचनेने मनाला विसावा देण्याची ही रीत आहे. त्यात माणूस गुलाम होत नाही. त्याची इच्छा त्याच्यापाशीच राहते. मात्र हा उपचार शिकलेल्या व जबाबदार वैद्याकडूनच घ्यावा. रंगमंचावर करमणूक करणाऱ्यांच्या नादी लागू नये. विसरलेल्या जुन्या आठवणी उकरून काढण्यासाठी तर याचा आधार घेऊच नये, कारण त्या अवस्थेत जे घडलेच नाही तेही आठवल्यासारखे वाटू शकते. आणि या उपचाराची मर्यादा ओळखावी. तो वेदना हलकी करील. पण क्षयाचे जंतू मारणार नाही, कर्करोगाची गाठ विरघळविणार नाही, मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिनची जागा भरून देणार नाही.

येथे कोणी विचारील, मग प्रभू येशूने केलेले चमत्कार हेही सूचनेचेच परिणाम होते काय? शास्त्र लक्षपूर्वक वाचणारा असे म्हणू शकणार नाही. शताधिपतीचा चाकर घरी अंथरुणाला खिळलेला होता; प्रभूचा शब्द त्याच्या कानी पडलाच नव्हता, तरी तो बरा झाला. लाजार चार दिवस कबरेत होता. मेलेल्याला कोण सूचना देणार? फारिया माणसाच्या ठायी असलेल्या शक्तीला हाक मारीत होता. आपला प्रभू जेथे काहीच उरलेले नाही तेथे जीवन निर्माण करतो.

पण त्याच इतिहासात आपल्याला एक इशाराही आहे. भारलेले नसलेल्या झाडापाशी मूर्च्छित पडलेले ते मूल विसरू नका. उंच आवाज, तेच तेच शब्द, रात्री उशिरापर्यंत चाललेले गायन, मोठा जमाव, यांनीही माणसे कोसळतात, रडतात, क्षणभर वेदना विसरतात. हे सारे पवित्र आत्म्याचेच कार्य असे घाईने म्हणू नये. आत्म्यांची पारख करा असे योहान आपल्या पहिल्या पत्रात शिकवितो. आरोग्याच्या सभेत एखाद्या बहिणीचे दुखणे थांबल्यासारखे वाटले, आणि कोणाच्या सांगण्यावरून तिने गोळ्या फेकून दिल्या, तर सभा संपते, मांडव उतरतो, पाहुणे वक्ते गाडीत बसून निघून जातात. रोग मात्र तिच्या घरीच राहतो. क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर जंतू अधिक चिवट होऊन परततात, आणि घरातील लेकरांनाही धोका पोहोचतो. हा विश्वास नव्हे. देवाची परीक्षा पाहणे आहे.

आता दुसरा प्रश्न. आजारी माणसाला ‘तुझा विश्वास कमी आहे’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पौलाने आपला काटा दूर व्हावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. त्याने त्रफिमाला मिलेत येथे आजारीच ठेवले. तीमथ्याला त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. त्याचा प्रिय सोबती लूक हा तर वैद्यच होता. या साऱ्यांचा विश्वास कमी होता काय? आणि बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या त्या स्त्रीकडे पाहा. वैद्यांच्या मागे तिने सर्वस्व खर्च केले, याबद्दल प्रभूने तिला एक शब्दही बोलून दाखविला नाही. लोकांत लपलेल्या त्या बाईला त्याने पुढे बोलाविले, ‘मुली’ म्हणून हाक मारली आणि शांतीने घरी पाठविले. रोग बरा केलाच. पण भीती व लाज यांचे ओझेही उतरविले. प्रभूने जे ओझे उतरविले, ते आपण रोग्याच्या डोक्यावर पुन्हा का ठेवावे?

तर आपण काय करावे? आजाऱ्याला भेटावयास जाल तेव्हा थोडे बोला, पुष्कळ ऐका. प्रार्थना करा आणि औषधाची वेळ झाली असेल तर पाण्याचा पेलाही तुम्हीच हाती द्या. १८९४ साली मिरजेस मिशनचे इस्पितळ उघडले, तेव्हापासून कितीतरी रोग्यांनी शस्त्रक्रिया व प्रार्थना या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली पाहिल्या आहेत. त्यांत विरोध आहे असे त्या सेवकांना कधी वाटले नाही. संडे स्कूलच्या शिक्षकांना विशेष सांगणे आहे. परीक्षेच्या दिवसांत एखाद्या मुलाचे वारंवार पोट दुखू लागले, तर त्याला ढोंगी म्हणू नका. डॉक्टरांना दाखविण्यास त्याच्या आईवडिलांना सांगा, आणि त्याला कशाची धास्ती वाटते हेही मायेने विचारा. फारियांच्या वडिलांनी एका वाक्याने मुलाचा कंठ मोकळा केला. तुमच्या वर्गातील लेकरूही कदाचित अशाच एका वाक्याची वाट पाहत असेल.

आणि प्रियजनहो, जो आज अंथरुणावर पडून हे वाचीत असेल, त्याला आम्ही एवढेच सांगतो : तुझे दुखणे देहाचे असो वा मनाचे, देवाने ते तुझ्याविरुद्ध आपल्या वहीत लिहून ठेवलेले नाही. झुडपाखाली निजलेल्या एलीयाजवळ ज्याने भाकर ठेवली, तोच देव तुझ्या उशाशी आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमचे मन व देह तूच घडविले आहेस. आजाऱ्यांना आरोग्य दे, वैद्यांच्या हातांना कौशल्य दे, आणि ज्यांचा काटा अद्याप निघाला नाही त्यांना तुझी कृपा पुरेशी होऊ दे. आमच्या जिभेने कोणाही दुःखिताच्या जखमेवर मीठ पडू नये असे कर. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या नावाने मागतो. आमेन.