दुसऱ्याच्या घरातला अल्बम

सायप्रसमध्ये गाडी डावीकडून चालवतात. बेट 1960 पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात होतं, त्याचा हा मागे राहिलेला नियम. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला तिथे स्टिअरिंग धरायला बिचकावं लागत नाही. पाफोसहून लिमासोल आणि पुढे निकोसिया हा आमचा प्रवास चारचौघांच्या सहलींसारखाच झाला. मागच्या सीटवर हलुमी चीजची सँडविचेस, खिडकीवरून भांडणं, उजवीकडे समुद्र आला म्हणून आरडाओरडा.

निकोसियात गाडीचा विमा निकामी होतो. दुभंगलेल्या बेटाच्या दक्षिणेत घेतलेला विमा उत्तरेत चालत नाही. नाक्यावर पासपोर्ट दाखवायचा, टपरीवजा खिडकीत नवा विमा काढायचा आणि पलीकडे जायचं. आम्हाला एवढंच पुरलं.

तिथल्या लोकांना मात्र हेच करायला जवळजवळ 29 वर्षं थांबावं लागलं. 1974 च्या जुलैमध्ये अथेन्सच्या लष्करी राजवटीने घडवलेला उठाव झाला, पाठोपाठ तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि बेट दुभंगलं. ग्रीक भाषक दक्षिणेला गेले, तुर्की भाषक उत्तरेला. घरं जागेवरच राहिली, त्यांत दुसरी माणसं राहू लागली. 23 एप्रिल 2003 ला पहिला नाका उघडला, तेव्हा लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले, ते आपलंच घर बघायला. काही दारं उघडली नाहीत. पण कित्येक घरांत आताच्या रहिवाशांनी कॉफी ठेवली, आणि काहींनी कपाटातून जुने फोटो, लग्नाचे अल्बम काढून मूळ मालकाच्या हातात दिले. इतकी वर्षं ते जपून ठेवले होते. अल्बम देणाऱ्यांतही अनेक जण स्वतःचं घर दक्षिणेत सोडून आलेले.

मला हा अल्बम फार मोलाचा वाटतो. घर कोणाचं, या प्रश्नाचा निकाल आजही लागलेला नाही. तो अल्बम जपणाऱ्यांच्या हातात नव्हताच. फोटो फेकायचे की ठेवायचे, हे होतं. मोठा प्रश्न सुटत नाही म्हणून आपल्या हातातलं साधं कर्तव्यही टाळायची आपल्याला सवय असते. (सोसायटीच्या मीटिंगा आठवून पाहा.)

पुढे फामागुस्ताजवळ वरोशा लागलं. हे समुद्रकाठचं हॉटेलांचं शहर 1974 च्या ऑगस्टमध्ये रिकामं झालं आणि कुंपणात बंद पडलं. तिथे मूळ रहिवाशांशिवाय इतर कोणी वसू नये, असं सुरक्षा परिषदेने 1984 मध्ये ठराव करून सांगितलं. 2020 मध्ये उत्तरेच्या प्रशासनाने त्यातले काही रस्ते फिरायला खुले केले. इमारतींभोवती दोऱ्या, आत जायला मनाई, आणि प्रवेशद्वाराशी भाड्याच्या सायकली. मूळ मालकही इतरांसारखाच दोरीबाहेरून आपली बाल्कनी बघतो.

मी सायकल घेणार नाही म्हटलं. कुणाच्या उजाड गल्लीत घंटी वाजवत फिरणं मला पटेना. लेकीचं म्हणणं वेगळं होतं. "बाबा, कुणी आलंच नाही तर हे लोकांना कळणार कसं? आणि चालत गेलात म्हणून तुम्ही पर्यटक नाही होत का?" तिने सायकल घेतली, मी चालत गेलो. परतीच्या वाटेवर, पुन्हा त्याच नाक्यावर रांगेत असताना आमचा वाद चालूच होता, आणि अजूनही तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलेलं नाही.