मौन कुठलं बरं?

॥ श्रीगुरवे नमः ॥



१९ फेब्रुवारी २०१२. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, टनेल क्रीकच्या उतारावर १६ जण स्कीइंगला जमले. बहुतेक सगळे मुरलेले. ताजा बर्फ भरपूर पडलेला, हिमस्खलनाचा इशाराही दिलेला. उतरता उतरता बर्फ सुटला आणि तिघे गेले.

वरचा बर्फ छान घट्ट दिसतो हो, पण खाली एखादा कच्चा थर दडलेला असतो. एका माणसाचा भार पडला की तो मोडतो आणि वरची अख्खी लादी घसरते. अशा अपघातांत बहुतेक वेळा हा थर सापडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच मोडलेला असतो.

वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितलं, मनात शंका आली होती. पण एवढे जाणते सोबत असताना आपण कशाला बोलायचं?

मंडळी, सद्गुरूंनी शिकवलं ते मौन अहंकार गिळायचं. हे मौन भिडेचं. घरातही कच्चे थर असतात. धाकट्याने शंका काढली तर थोरांनी रागावू नये, दोन मिनिटं थांबून ऐकावं. आणि आपल्याला खटकलं तर नम्रपणे, पण वेळेवर बोलावं.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏