राखणीच्या कुत्र्याचा घास

देवालयाच्या आवारात राखणीसाठी कुत्रा ठेवावा की नाही, यावर सहसा फारसा वाद होत नाही. आवार मोठे असते, रात्रीचा रखवालदार एकटा असतो, चोरीचे भय असते. कुत्रा आणला जातो. वाद उपस्थित होतो तो दुसऱ्या दिवशी, त्याला खावयास काय घालावे या मुद्द्यावर. एक पक्ष म्हणतो, कुत्रा हा मांसाहारी प्राणी. कच्चे मांस हेच त्याचे ईश्वरदत्त अन्न. ते नाकारून त्याच्याकडून चाकरी घेणे हा जुलूम होय. दुसरा पक्ष म्हणतो, देवाच्या दारी राहावयाचे तर त्या दारचा नेम पाळावा. अग्रशाळेत उरलेला वरणभात त्याला पुरे. दोन्ही पक्षांत सज्जन असतात आणि दोन्ही पक्ष धर्माचे नाव घेऊनच बोलतात. आमच्यासारख्या कायद्याच्या धंद्यातील माणसास अशा वेळी पहिली शंका येते ती ही, की येथे एकच दावा चालू आहे, की दोन दावे एका अर्जात दाखल झाले आहेत?

आमच्या मते दावे दोन आहेत. मांस द्यावे की देऊ नये, हा एक. कच्चे द्यावे की शिजवून द्यावे, हा दुसरा. पहिला धर्माचा आहे, दुसरा आरोग्याचा. दुसऱ्याचा निकाल त्यातल्या त्यात सोपा, म्हणून तो आधी लावू.

न्यूझीलंड हा मेंढपाळांचा देश. तेथील कुत्रा शोभेचा नव्हे, कामाचा. डोंगरभर पसरलेली मेंढरे तो एकटा वळवून आणतो. मेंढी कापली, की तिची आतडी, काळीज, फुप्फुसे कच्चीच त्याच्यापुढे टाकण्याची रीत होती. कष्टाळू प्राण्यास त्याचा वाटा मिळाला, यात कोणास काय वावगे दिसावे? परंतु कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक फीतकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात, गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात व फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी धरतात. तेच यकृत कुत्र्याने कच्चे खाल्ले, की चक्र पुरे झाले. या चक्रात माणूस विनाकारण सापडतो. मूल कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवते, तोच हात तोंडात घालते, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याच्या यकृतात तशीच गाठ निघते. हायडॅटिड नावाच्या या रोगाविरुद्ध त्या देशाने १९५९ साली स्वतंत्र कायदा केला. कच्चे अवयव कुत्र्यास घालणे हा गुन्हा ठरला, आणि गावोगावची कुत्री नेमाने औषधासाठी आणवली जाऊ लागली. (आमच्या बागाईतदार वाचकांस कौतुक वाटेल, की कुत्र्यांस जुलाब देऊन हा कृमी पाडण्यासाठी पूर्वी जे अरेकोलिन वापरीत, ते आपल्या सुपारीतच सापडणारे द्रव्य आहे.) रोग देशातून नाहीसा झाल्याची तात्पुरती घोषणा करण्यास २००२ साल उजाडावे लागले.

हा कृमी आपल्याकडे नाही असे कोणी समजू नये. हिंदुस्थानातही तो आहे. शिवाय कच्च्या मांसातील साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्यास पुष्कळदा बाधत नाहीत. कुत्रा ठणठणीत राहतो आणि विष्ठेतून ते सर्वत्र पसरवतो. गोठवून ठेवल्याने ते मरतात असा भरवसा नाही; शिजविल्याने मरतात. ज्या आवारात लोक अनवाणी प्रदक्षिणा घालतात, मुले जमिनीवर बसून प्रसाद खातात, तेथे याचा विचार कोणी करावयाचा? कच्च्या मांसाच्या पुरस्कर्त्यांचे एक म्हणणे मात्र खरे आहे. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या निघतात आणि त्या कुत्र्याच्या घशात वा पोटात रुततात. तेव्हा मांस शिजवून द्यावे आणि शिजलेले हाड देऊ नये, इतका निकाल येथे पुरे.

आता पहिला आणि खरा दावा.

व्रताविषयी आमची समजूत अशी आहे, की ज्याने संकल्प सोडला त्यालाच ते बांधते. करारात नसलेल्या तिऱ्हाइतावर कराराचा बोजा टाकता येत नाही, हे आम्ही न्यायालयात रोज सांगतो; व्रताची गोष्ट याहून वेगळी असण्याचे कारण दिसत नाही. आमच्या गोव्याकडच्या कित्येक घरांत सोमवारी मासळी येत नाही. ती न आणणाऱ्याने पुण्य जोडले हे मान्य. पण त्या दिवशी दारच्या कुत्र्याचाही सोमवार कोणी ठरवला? उपास आपण करावा, पोट त्याचे रिकामे राहावे, आणि पुण्य आपल्या खात्यावर जमा व्हावे, हा व्यवहार सरळ दिसत नाही. नामदेवांची कथा सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्यांनी त्याच्या घासात भर घातली. आपल्या नेमात बसत नाही म्हणून घास काढून घेतला नाही.

महाभारतातील ससाण्याची फिर्याद याहून अवघड आहे. वनपर्वात ती उशीनर राजाच्या कथेत आली आहे; शिबीच्या नावाने ती अधिक प्रसिद्ध झाली. कबुतर राजाच्या आश्रयास येते. ससाणा म्हणतो, ते माझे विहित अन्न आहे, ते राखून तू मला आणि माझ्या पिल्लांना मारतो आहेस. राजा त्याला रानडुक्कर, हरिण, रेडा देऊ करतो. शेवटी स्वतःचे मांस कापून तराजूत घालतो. मात्र धान्य खाऊन जग, असा उपदेश तो ससाण्यास करीत नाही. दुसऱ्याच्या जीवधर्माची किंमत आपल्या अंगाने भरावी लागली तरी राजाने ती भरली. तो धर्म बदलण्यास ससाण्याला भाग पाडले नाही.

तथापि या कथेच्या आधारावर मांसपक्षास डिक्री देण्यास आम्ही तयार नाही. ससाणा रानातला, स्वतंत्र. तो मारतो, तो खातो. मध्ये आपण कोठे नाही. राखणीचा कुत्रा आपण आणलेला, आपण बांधलेला. त्याच्यासाठी मांस येते ते आपल्या पैशाने, आणि त्यासाठी कोणते तरी दुसरे जनावर मेलेले असते. त्या जनावराच्या बाजूने या दाव्यात वकीलच उभा नाही, ही आम्हांस सर्वांत बोचणारी बाब वाटते.

दुसरे असे, की कुत्रा म्हणजे ससाणा नव्हे, आणि लांडगाही नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की पिष्टमय अन्न पचविण्यास लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याशी आणि चुलीशी हजारो वर्षे राहून त्या प्राण्याने आपले पोटच माणसाच्या अन्नास जुळवून घेतले आहे. दख्खनच्या माळावरील धनगरांची कुत्री लांडग्यावर धावून जातात ती भाकरी, ताक आणि दूध यांच्या बळावर. मांस त्यांना एखादी मेंढी मेली तरच. मुधोळकडील शिकारी कुत्रा, ज्याची निवड २०१६ साली मेरठच्या लष्करी केंद्रात शिकवण्यासाठी झाली, तोही आपल्या गावी धान्य आणि दुधावरच वाढलेला असतो. मांजरास मांसावाचून गत्यंतर नाही. कुत्र्यास आहे, पण ते जाणून दिले तर. अग्रशाळेचा उरलेला वरणभात म्हणजे ते नव्हे. डाळ आहे पण थोडी, स्निग्ध पदार्थ बेताचा, आणि कांदा, मनुका व चॉकलेट हे तर त्याला विषच. अंडी, दही, पनीर, भरपूर डाळ, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने जीवनसत्त्वे व क्षार, इतकी तजवीज असेल तर राखणीचा कुत्रा मांसावाचून धडधाकट राहू शकतो. अलास्काच्या बर्फातील शर्यतीत घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्याची गोष्ट अर्थातच निराळी. त्याला दिवसास दहा हजारांच्या घरात कॅलरी लागतात आणि चरबीवाचून त्या भरणार नाहीत.

येथेच एका घटनेची आठवण होते. आमुंडसेन १९११ च्या ऑक्टोबरात ५२ कुत्री घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला. सीलचे मांस होते. वाटेत ठरल्याप्रमाणे काही कुत्री मारून ती इतरांस खाऊ घातली. परत आली ती ११. या कुत्र्यांस ताजे मांस मिळाले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. निसर्गाप्रमाणे अन्न दिले म्हणजे धन्याचे ऋण फिटले, असे मानणाऱ्यांनी या ५२ आणि ११ या आकड्यांकडे एकदा पाहावे.

कायदा याबाबतीत थोडक्यात बोलतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वये, धन्याने जनावरास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा अपराध आहे. मांस की भात, हे तो सांगत नाही. पुरेसे, इतकेच सांगतो. तो शब्द कमी मोलाचा नाही. बरगड्या दिसणाऱ्या कुत्र्यापुढे आमच्या सात्त्विकतेचा पुरावा ग्राह्य ठरणार नाही.

परंतु आम्हांस ज्याची खरी तक्रार करावयाची आहे ती रीत वेगळीच आहे, आणि ती फार सोयीची असल्यामुळे फार प्रचलित आहे. मांस देण्याचे आपण ठरवीत नाही. रखवालदारास महिन्याला काही रक्कम जास्त देतो आणि “तू बघ” म्हणतो. तो बहुधा आपल्या जातीचा नसतो. मागच्या दारी, अंधार पडल्यावर, तो काय घालतो ते आपण पाहत नाही. हिशेबाच्या वहीत रक्कम किरकोळ खर्चात जाते. सकाळी आपण सोवळ्यात असतो आणि कुत्रा तृप्त असतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिवधाचे दोषी मोजताना अनुमती देणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा, असे सर्व एकाच माळेत ओवले आहेत, आणि त्यांत अनुमती देणारा प्रथम येतो. फौजदारी कायद्यातही अपराधास चिथावणी वा साह्य देणारा दूर उभा होता म्हणून सुटत नाही. असे असता पाप रखवालदाराचे, पुण्य महाजनांचे, ही वाटणी कोणत्या शास्त्राने केली? मांस देणे हे पाप असेल तर ते आपले आहे. पाप नसेल, तर ते अंधारात आणि दुसऱ्याच्या हातून करण्याचे प्रयोजन नाही.

यास्तव समितीपुढे मार्ग तीनच राहतात असे आम्हांस वाटते. मांसाचा स्पर्श मुळीच सोसवत नसेल आणि पर्यायी आहाराची खटपटही करावयाची नसेल, तर कुत्रा ठेवू नये. दिवे लावावे, कुलपे बदलावी, आणखी एक माणूस नेमावा. ठेवावयाचा तर नीट तोलून केलेला निरामिष आहार द्यावा, आणि दर काही महिन्यांनी पशुवैद्यास दाखवावा. किंवा आवाराबाहेर, शिजवून, मांस द्यावे. खाटकाकडे टाकाऊ ठरलेला भाग घेतला तर कुत्र्याच्या नावावर निराळा वध तरी पडत नाही. आम्हांस व्यक्तिशः दुसरा मार्ग पसंत आहे. तिसऱ्याला आम्ही अधर्म म्हणणार नाही, मात्र एका अटीवर: ठराव सभेत व्हावा, इतिवृत्तात लिहिला जावा, आणि खर्च वार्षिक हिशेबात त्याच्या खऱ्या नावाने दाखवला जावा. “कुत्र्यासाठी मांस” हे दोन शब्द जमाखर्चाच्या छापील पानावर वाचताना जर सभासदांस संकोच वाटला, तर पहिल्या दोन मार्गांचा फेरविचार करण्यास तीच योग्य वेळ होय.

ठरावात आणखी एक कलम असावे. राखणीचा कुत्रा दहा-बारा वर्षांत थकतो, त्याचे दात पडतात, ऐकू कमी येते, आणि चोर आला तरी तो उठत नाही. त्या वेळी त्याला काय घालावयाचे याबद्दल दोन्ही पक्षांचा वाद उरत नाही. दुधात कुस्करलेली भाकरी तो खातो. ती त्याला शेवटपर्यंत कोण देणार, हे कुत्रा आणण्यापूर्वीच लिहून ठेवावे.