उन्मत्त भिक्खू आणि संघाची जबाबदारी

मनाने खचलेल्या माणसाने आपली अवस्था इतरांना सांगावी, मन मोकळे करावे, मदत मागावी, असा आग्रह अलीकडे सर्वत्र धरला जातो आणि तो योग्यच आहे; मात्र त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. धैर्य आधी कोणी दाखवायचे? ज्याचे मन डळमळले आहे त्याच्यावरच बोलण्याची जबाबदारी टाकायची आणि भोवतालच्यांनी मात्र ‘आधी सांगितले असते तर काही करता आले असते’ एवढे म्हणून हात झटकायचे, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही. करुणेचा उपदेश बहुतेक सर्व धर्मांनी केला आहे. पण मन बिघडलेल्या माणसाविषयी समुदायाने नेमके काय करायचे, हे नियम, ठराव आणि कार्यपद्धती यांच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न फार थोड्या ठिकाणी आढळतो. बौद्धांचा विनय हे त्याचे एक प्राचीन आणि काहीसे दुर्लक्षित उदाहरण आहे.

विनय म्हणजे भिक्खू आणि भिक्खुणी यांच्या सामूहिक जीवनाची नियमावली. ती काही शतके मौखिक परंपरेने जपली गेली व पुढे पाली त्रिपिटकाच्या विनयपिटकात ग्रथित झाली. या जीवनाचा कणा म्हणजे उपोसथ. दर पंधरवड्याला, पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या सुमारास, ठरावीक सीमेच्या आत राहणाऱ्या सर्व भिक्खूंनी एकत्र यायचे आणि पातिमोक्ख, म्हणजे थेरवाद परंपरेतील २२७ नियमांची संहिता, म्हणून दाखवायची असा हा विधी आहे. सीमेतील एकही भिक्खू परस्पर वगळला गेला तर संघ अपूर्ण राहतो आणि अपूर्ण संघाने केलेले कर्म वैध ठरत नाही, ही त्यातील सर्वांत कडक अट. आजारी भिक्खूने आपली संमती आणि आपण निर्दोष असल्याचे निवेदन दुसऱ्याकरवी पाठवावे. तेही त्याला जमत नसेल तर त्याला खाटेसह सभास्थानी आणावे. आणि हलवल्याने त्याचा आजार बळावेल किंवा तो दगावेल अशी भीती असेल तर संपूर्ण संघाने उठून त्याच्यापाशी जावे व तेथे उपोसथ करावा, असे महावग्ग हा विनयाचा भाग सांगतो. रुग्णाला सोडून सभा भरवण्याची मुभा मात्र तो देत नाही.

याच प्रकरणात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत येते. गग्गाचे मन बिघडलेले होते. त्याला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे, आणि सभेला तो कधी येई, कधी येत नसे. हा पेच साध्या आजाऱ्यापेक्षा अवघड होता, कारण आजारी माणूस संमती पाठवू शकतो, गग्गाला मात्र आपण गैरहजर आहोत याचेच भान नसे. त्याची वाट पाहिली तर विधी अडतो, आणि न पाहता केला तर तो अवैध ठरतो. यावर जो मार्ग सांगितला गेला त्याला उम्मत्तकसम्मुती असे नाव आहे. उम्मत्तक म्हणजे उन्मत्त, ज्याचे मन ताळ्यावर नाही असा, आणि सम्मुती म्हणजे संघाने रीतसर प्रस्ताव मांडून दिलेली मान्यता. गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाचे कर्म त्याच्यासह आणि त्याच्याविनाही वैध राहील, असा ठराव संघाने करायचा असतो.

या ठरावात काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. गग्गाला संघातून काढलेले नाही, त्याला सभेत ओढून आणलेले नाही आणि त्याचे मन का बिघडले याची चौकशीही मांडलेली नाही. त्याची अवस्था भरसभेत नाव घेऊन बोलली गेली, म्हणजे उघडपणा होताच. पण ठरावाचा विषय गग्गाचे वर्तन नसून संघाची स्वतःची अडचण हा आहे आणि बदल करायचा तो संघाने आपल्या नियमात करायचा आहे. आजच्या कुटुंबांत, कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत याच्या नेमके उलट घडते: नियम जागच्या जागी राहतात आणि माणसाने त्यांत बसावे किंवा निघून जावे, अशी अपेक्षा असते.

गग्गाची कथा येथे संपत नाही, आणि तिचा दुसरा भाग अधिक बोचरा आहे. विनयातील नियमांच्या विवरणात दोषातून कोण मुक्त हे सांगताना उन्मत्त, चित्त विस्कटलेला आणि वेदनेने व्याकूळ झालेला यांची गणना केलेली असते. त्यामुळे मन बिघडलेले असताना हातून घडलेल्या गोष्टींसाठी गग्ग दोषी नव्हता. तरीही तो बरा झाल्यावर काही भिक्खू ‘अमुक अपराध तुझ्या हातून घडला, आठवतो का?’ असे त्याला पुनःपुन्हा छेडू लागले. आपण तेव्हा भानावर नव्हतो, आपल्याला काही आठवत नाही, असे त्याने सांगितले तरी त्यांचे टोचणे थांबेना. चुल्लवग्ग या विनयाच्या दुसऱ्या भागात या प्रसंगी अमूळ्हविनय नावाचा निवाडा सांगितला आहे. अमूळ्ह म्हणजे आता भ्रमात नसलेला. अशा भिक्खूने उत्तरीय एका खांद्यावर घेऊन, संघाला वंदन करून, तीन वेळा या निवाड्याची मागणी करायची आणि संघाने प्रस्ताव मांडून, त्याची तीनदा घोषणा करून, तो द्यायचा. त्यानंतर त्या काळातील वर्तनाचा विषय संघापुरता मिटतो. आठवत असूनही ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्याला दिलेला निवाडा अवैध मानला आहे, म्हणजे ढोंगाची शक्यताही नियमकर्त्यांनी नजरेआड केलेली नाही. मनोरुग्णालयातून बरा होऊन परतलेल्या माणसाला आजाराहून अधिक कशाने छळले असेल तर याच छेडण्याने. लग्नाची बोलणी, नोकरीची मुलाखत, भावकीतील वाटणी यांपैकी कोठेही ‘मध्यंतरी याच्या डोक्यावर परिणाम झाला होता’ हे वाक्य कोणीतरी हळूच सरकवतो, आणि त्यावर रीतसर उत्तर देण्याची सोय आपल्या समाजाने केलेली नाही.

येथे तत्त्वज्ञानाचा एक प्रश्न आडवा येतो: मनाची पीडा ही माणसाच्याच कर्माचे फळ असेल तर समुदायाने तिच्यात हात का घालावा? ‘मागच्या जन्मीचे पाप’ हे स्पष्टीकरण महाराष्ट्रातही सहज ओठांवर येते. त्याच्या जोडीला ‘बाहेरची बाधा’ असते आणि तिच्यासाठी देवऋषी असतो. त्रिपिटकातील संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहात सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेल्या संवादात बुद्धाने हे मत स्पष्टपणे नाकारले आहे: माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे मानणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे जातात; पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात अशी सात कारणे सांगून झाल्यावर कर्मविपाक आठवा येतो. त्या काळच्या वैद्यकाच्या भाषेतील ही यादी आज कोणी जशीच्या तशी घेणार नाही. पण पीडा आणि पाप यांची गाठ तिने सोडवली, हे तिचे महत्त्व आहे. आपला दोष कबूल करण्याची रीत अनेक धर्मांत आहे, उपोसथातही ती आहेच. मात्र आजार सांगणे हे दोष कबूल करण्याच्या साच्यात बसवले की ऐकणारा क्षमा करणाऱ्याच्या आसनावर जाऊन बसतो आणि सांगणारा नकळत गुन्हेगार ठरतो.

अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात शरीराचा आणि मनाचा असे दोन रोग सांगून, शंभर वर्षे शरीराने निरोगी राहिलेली माणसे सापडतील, पण आस्रव, म्हणजे चित्ताला वाहवत नेणारे मूळ विकार, ज्यांचे क्षीण झाले आहेत त्यांच्याखेरीज मनाने क्षणभरही निरोगी असल्याचा दावा करणारी माणसे दुर्लभ, असे म्हटले आहे. हे वचन व्याख्यानांत आवडीने सांगितले जाते आणि त्याचा थोडा दुरुपयोगही होतो. तेथील मनोरोग म्हणजे लोभ-द्वेषादी विकार. छिन्नमनस्कता किंवा तीव्र नैराश्य यांना ‘आपण सगळेच थोडेफार वेडे’ असे म्हणून त्यात मिसळले, तर ज्याला औषधाची गरज आहे त्याच्या हाती प्रवचन पडते.

खुद्द संघही या संकटातून सुटला नव्हता, आणि विनयाने ते लपवलेले नाही. वैशालीजवळच्या महावनात शरीराच्या अशुभतेचे ध्यान करणाऱ्या अनेक भिक्खूंना देहाची इतकी शिसारी आली की त्यांनी जीवन संपवले. पंधरवड्याच्या एकांतवासातून परतलेल्या बुद्धाने संघ इतका विरळ का दिसतो असे आपला शिष्य आनंद याला विचारले, तेव्हा ही गोष्ट त्याला कळली. मग उरलेल्या सर्वांना एकत्र बोलावून श्वासाच्या स्मृतीचा सौम्य अभ्यास सांगितला गेला आणि मनुष्यहत्येविषयीचा तिसरा पाराजिक नियम, म्हणजे ज्याच्या भंगाने भिक्खुत्वच संपते असा नियम, घातला गेला. पुढे या नियमाच्या कक्षेत कोणापुढे मरणाची स्तुती करून त्याला मरणाकडे ढकलणेही आले. साधनाच उलटू शकते आणि भोवतालच्यांचे शब्द माणसाचा जीव घेऊ शकतात, या दोन्ही गोष्टी एका धार्मिक संस्थेने आपल्या मूळ ग्रंथात नोंदवून ठेवाव्यात, हे सामान्य नव्हे.

उघडपणे सांगण्याचा प्रश्न विनयात थेट येतो तो शुश्रूषेच्या संदर्भात. अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर ठेवले. त्यानंतरच्या नियमांनुसार उपाध्याय, आचार्य, शिष्य, सोबती अशा क्रमाने शुश्रूषेची जबाबदारी येते. यांपैकी कोणी नसेल तर ती साऱ्या संघावर येते आणि ती टाळणे हा दोष ठरतो. शुश्रूषेला सोपा अशा रुग्णाची जी पाच लक्षणे दिली आहेत त्यांत, आजार वाढत आहे की उतरत आहे हे आपल्या शुश्रूषकाला जसे आहे तसे सांगणे, हे एक आहे. म्हणजे सांगण्याची अपेक्षा आहेच, पण ती उघड्या मैदानात नाही. कोणाला सांगायचे हे आधी ठरलेले आहे, आणि त्या माणसाने किळस करू नये, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, औषध जाणावे, वेळोवेळी धीर द्यावा, अशा त्याच्याही अटी लगोलग दिल्या आहेत.

हे सर्व भिक्खूंपुरते होते असा आक्षेप घेता येईल. गृहस्थांच्या बाजूने किसा गोतमीची कथा आहे, आणि ती इतकी परिचित आहे की तिचा एक तपशील निसटतो. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत हिंडणाऱ्या या बाईला, ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले गेले. कथेचे तात्पर्य अनित्यता असे सांगितले जाते. परंतु प्रत्यक्षात दारोदार काय घडले, तर प्रत्येक घराने आपापले मृत्यू तिला सांगितले. तिला बोलायला लावण्याआधी गाव बोलले. विनयाच्या ठरावांत जो क्रम दिसतो तोच येथे आहे. शोकाने भान हरपून, वस्त्राचीही शुद्ध न राहता फिरणाऱ्या पटाचारेची कथा याला पूरक आहे: लोक तिला वेडी म्हणून माती फेकून हुसकत होते, बुद्धाचा मुक्काम असलेल्या जेतवन विहारातही काहींनी तिला अडवू पाहिले, आणि भानावर येताच ती लाजेने खाली बसली तेव्हा सभेतल्या कोणीतरी आपले उपरणे तिच्याकडे टाकले. तिची कहाणी ऐकणे त्यानंतर झाले. पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत तिलाच अग्रस्थान दिले गेले.

या परंपरेला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. प्रव्रज्येसाठी, म्हणजे संघात प्रवेश घेण्यासाठी, ज्या पाच रोगांची आडकाठी होती त्यांत अपस्मार होता; केवळ उपचाराच्या आशेने लोक संघात येऊ लागल्यामुळे जीवक वैद्याच्या विनंतीवरून ती आडकाठी घातली गेली, असे ग्रंथ सांगतो. कारण व्यवहार्य असेल; पण आत असलेल्यासाठी खाटेपाशी जाणाऱ्या संघाने बाहेरच्यासाठी दार लावून घेतले, हे खरेच.

मराठी वाचकाला हे विनयसाहित्य परके नाही. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ या ग्रंथातून ते मराठीत आणले, आणि १९५६ मध्ये नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्राच्या वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, त्यामुळे पीडिताला दोषी ठरवणारे जुने स्पष्टीकरण या समाजात निदान तत्त्वतः तरी निकालात निघाले आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात पांढऱ्या साड्या नेसलेल्या उपासिका संध्याकाळी विहारात जमतात, त्रिशरण-पंचशील होते आणि ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमाने वाचन चालते. किसा गोतमीचे सांत्वन आणि आजाऱ्यांविषयीची आस्था ही दोन्ही प्रकरणे त्या ग्रंथात आहेत, म्हणजे ती दरवर्षी वाचली जातात. तीन महिने रोज भेटणारी, एकमेकींची घरे ओळखणारी ही मंडळी हा मानसिक आधाराचा तयार पाया आहे. पण वाचन आणि वस्तीतल्या एखाद्या घरात महिनोन्‌महिने खोलीबाहेर न पडलेला मुलगा, यांची सांगड अजून बहुतेक ठिकाणी घातली गेलेली नाही. विहार समितीने दोन-तीन माणसे नेमावीत, त्यांना ऐकण्याचे प्रशिक्षण द्यावे, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी आणि १४४१६ या टेलि-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकाशी त्यांची ओळख असावी, आणि अमुक घरी काही अडचण आहे असे कळल्यास बोलावणे येण्याची वाट न पाहता त्यांनी तेथे जावे, एवढ्यासाठी नवे शास्त्र लागत नाही.

कायद्याने आपल्या बाजूने काही अंतर कापले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध झाल्याखेरीज, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यासाठी तिला शिक्षा होत नाही, आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवण्याचा हक्कही याच अधिनियमाने दिला. उन्मत्ताला दोष नाही, या विनयातील तत्त्वाच्या बरेच जवळ हा कायदा पोचतो. गग्गाला टोचणाऱ्या सोबत्यांना गप्प करणाऱ्या निवाड्याची बरोबरी मात्र त्याला करता येत नाही, कारण भावकी, शेजार आणि सोयरीक यांच्यावर न्यायालयाची सत्ता चालत नाही. तो ठराव वस्तीलाच आपल्या सभेत करावा लागेल.